न्हाणीघराच्या फरशीतला वास

१

दोन्का रोज सकाळी सगळ्यात आधी न्हाणीघराची फरशी धुवायची. कॉफी नंतर, नवऱ्याचा नाश्ता नंतर, आधी फरशी. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिनं एकतीस वर्षं काढली होती. रक्ताला थंड पाणी लागतं, गरम लागलं की ते कापडात कायमचं बसतं. ओकारीला सोडा, मुताला व्हिनेगर, आणि ज्याला काहीच चालत नाही त्याला कडक ऊन. वासाशी भांडायचं नसतं, त्याचं मूळ शोधायचं असतं, असं ती नव्या बायकांना शिकवायची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बाजारात एखादी बाई शेजारून गेली की तिच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय हे दोन्काला नाकानं कळायचं.

घर रूसे शहरातलं, डॅन्यूबकडे उतरत जाणाऱ्या एका गल्लीत. तिच्या नवऱ्याच्या, मेतोदीच्या, आजोबांनी बांधलेलं. उंच छतं, आणि मधून जाणारा लांबलचक बोळ. बोळाच्या एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला, अगदी समोरासमोर, न्हाणीघर. न्हाणीघराची फरशी मोझॅकची, पाणी जायच्या जाळीकडे उतार दिलेली. भिंतीला फवारा, कोपऱ्यात कमोड. दार दमट हवेनं फुगायचं म्हणून कधीतरी खालून तासलेलं होतं, त्यामुळे दाराखाली चांगली दोन बोटं फट राहिली होती.

याच फरशीवर सप्टेंबरच्या अखेरीला तिचे सासरे गेले. स्तोइल त्यांचं नाव. डॅन्यूबवर चाळीस वर्षं मालवाहू बोटी चालवलेला दांडगा माणूस. शेवटच्या दोन वर्षांत त्यांची स्मृती अशी गेली की समोरचं कमोडसुद्धा त्यांना दिसेना. भिंतीशी, जाळीवर, दारात, जिथं जमेल तिथं ते मोकळे व्हायचे. तेव्हा फरशीला वास असणारच. "मोझॅक पितं," दोन्का म्हणायची, "आणि प्यालेलं सहजी ओकत नाही." चाळिसाव्या दिवशी त्यांच्या नावानं उकडलेले गहू वाटून झाले, फाटकावर चिकटवलेल्या निधनाच्या कागदावरचा स्तोइलचा फोटो पावसानं धुऊन फिकट झाला, तरी ती फरशी घासतच होती. त्यात तिला वावगं काही वाटलं नव्हतं.

वावगं वाटलं ते जानेवारीत. नव्या वर्षासाठी दोघं मेतोदीच्या बहिणीकडे, नेद्याल्काकडे, गावी गेली होती. तीन दिवस घर कुलपात होतं. परत आल्यावर दोन्कानं कोटही न काढता न्हाणीघराचं दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली.

शिळ्या मुताचा वास नाकात टोचतो, डोळ्यांत पाणी आणतो. तो वास तिनं आयुष्यभर ओळखला होता. हा तसा नव्हता. हा उबदार होता, किंचित गोडसर. ताजा होता. फार तर तासाभरापूर्वीचा.

२

"अरे मेतोदी, तू आत जाऊन आलास का?"

"कुठं?"

"न्हाणीघरात."

"अगं, मी अजून पायरीवर बूट काढतोय."

मेतोदीला वासाचं काही विचारून उपयोग नव्हता. सैन्यात असताना त्याला मोठा ताप आला होता, त्यात त्याचं नाक गेलं ते गेलंच. करपलेली बनित्साही, चीज भरलेली पोळी, तो कौतुकानं खायचा. आता तो दारात उभा राहिला, उगाच दोनदा श्वास ओढला आणि म्हणाला, "छान आहे की."

"तुला काय कळतंय!"

"म्हणून तर म्हणतो. तुझ्या नाकाला पेन्शन मिळतेय, कामधंदा उरला नाही, त्यामुळे ते घरात चोर शोधत बसतं."

दोन्का हसली. पण दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्यावर पाळत ठेवली. तो बसून करतो की उभ्यानं, इथपर्यंत चौकशी झाली. तेव्हा तो चिडला, "त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला हे विचारायला लाज नाही वाटत?" म्हणाला आणि गळ घेऊन नदीवर निघून गेला.

मग तिनं स्वतःवर शंका घेतली. वय झालं, आपल्यालाच काही कळत नसेल तर? सासऱ्यांनाही आधी कळत नव्हतंच. तिनं स्वतःचे कपडे तपासले, चादर हुंगली. काही नव्हतं.

एका सकाळी, मेतोदी नदीवर गेल्यावर, तिनं फरशी क्लोरीननं धुतली, मग व्हिनेगरनं, मग खायचा सोडा पसरून ब्रशनं सांधा न् सांधा घासला. शेवटी कोरड्या फडक्यानं इतकी पुसली की फडक्याला ओल लागेना. दार बाहेरून लावलं, किल्ली फिरवली आणि एप्रनच्या खिशात टाकली. स्वयंपाकघरात बसून घेवड्याचं सूप चढवलं. बोळाकडे तोंड करून बसली होती, दार डोळ्यांसमोर होतं.

बारा वाजता तिनं किल्ली फिरवली.

फरशी कोरडी होती. वास ताजा होता. आणि त्या वासाच्या खाली दुसराही एक वास होता, आजवर मुताच्या वासानं झाकलेला. तिनं तो आत घेतला, आणि लगेच दार लावून घेतलं. काय आहे ते तिला कळलं होतं, पण तिनं त्याला नाव दिलं नाही.

३

फेब्रुवारीत गान्चो मिस्त्री आला. गोल पोटाचा, बोलघेवडा, शहरातल्या जुन्या घरांच्या पोटातले नळ त्याला पाठ होते.

"बाई, वास म्हणजे काही पोलीस नाही की वाट्टेल तिथं शिरेल," तो गुडघ्यांवर बसत म्हणाला. "त्याला वाट लागते. वाट सापडली की मी आणि सिमेंट. बस्स."

त्यानं जाळी उचलली, कोपरापर्यंत हात घातला, वर्षानुवर्षांचा केसांचा गुंता बाहेर काढला. जाळीखालचा, वास अडवणारा ट्रॅप जुना, शिशाचा होता, तो काढून नवा बसवला. कमोड उचलून खालचा सांधा नव्यानं भरला. आठवडा गेला. वास होता तसाच.

मग त्यानं फरशी फोडली. सबंध दिवस घणाचे आवाज, सगळ्या घरात पांढरी धूळ. मेतोदी बोळात उभा राहून, आजोबांचं मोझॅक बादल्यांतून जाताना बघत होता.

दुपारी गान्चोनं हाक मारली. "या बाई, बघा. आता तुम्हीच सांगा."

मोझॅकखाली वाळू होती. गान्चोनं मूठभर उचलून तिच्या हातावर ठेवली. "बिस्किटासारखी कोरडी. कुठं गळती नाही, ओल नाही. घ्या, हुंगा."

तिनं हुंगली. वाळूला नदीचा जुना, स्वच्छ वास होता.

"बाबा इथं..." मेतोदी म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं ते इथंच..."

"खाली काही उतरलंच नाही, साहेब. मूत असतं तर वाळू पिवळी पडली असती." गान्चो उठला, गुडघे झटकले आणि मधेच थांबला. नाक वर करून त्यानं दोनदा हवा ओढली. "मिरच्या कोण भाजतंय?"

दोन्काच्या मुठीतली वाळू सांडायला लागली.

"कसल्या मिरच्या? फेब्रुवारी आहे," मेतोदी हसला.

"तेच म्हणतो मी. पण साल जळाल्याचा वास मला कळणार नाही होय? माझी बायको उन्हाळा संपताना चार गोण्या भाजते, महिनाभर माझ्या उशीला वास असतो." तो बोळातून स्वयंपाकघराकडे पाहत होता. तिथं शेगडी बंद होती. मिरच्या भाजायची विजेची भट्टी माळ्यावर, फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. "आता गेला. शेजारचं असेल कुणाचं तरी."

"असेल," दोन्का म्हणाली.

४

सप्टेंबरमधली ती सकाळ दोन्कानं कुणालाच सांगितली नव्हती.

बाजारातून मिरच्यांची मोठी पाटी आली होती, लांब, जाड सालीच्या, गोड, लालभडक. हिवाळ्याची चटणी घालायची होती. मेतोदी पहाटेच नदीवर गेलेला, अकराला येतो म्हणून. पहाटेपासून तिनं सासऱ्यांची चादर दोनदा बदलली होती. एकदा त्यांनी तिचा हात मुरगळला होता, तिला कुणी चोर समजून. मग ते न्हाणीघरात गेले आणि तिनं भट्टी लावली.

ते दिवसाला वीस वेळा हाक मारायचे. जाऊन पाहावं तर विसरलेले असायचे. "दोन्के!" म्हणून ओरडायचे आणि समोर उभं राहिलं की विचारायचे, "तू कोण गं?"

त्या दिवशी आधी एक धप्प असा आवाज झाला. फार मोठा नव्हता. स्टूल पडल्यासारखा. मग हाक आली. "दोन्के!"

"आले, बाबा!" तिनं आवाज दिला आणि मिरची फिरवली. मिरची भट्टीत ठेवली की सोडून जाता येत नाही, साल जळून गर कडू होतो. एवढी काढते आणि जाते, असं तिनं ठरवलं. ती काढली. दुसरी टाकली.

"दोन्के!"

"आले, आले!"

ती खोटं बोलत नव्हती. जाणारच होती. पण उभं राहून एकाच गोष्टीकडे बघत राहण्यात दोन वर्षांत पहिल्यांदा तिला बरं वाटत होतं. साली तडतडत होत्या, घरभर जळका गोड धूर भरला होता. हाका येत राहिल्या. मग त्यांतून तिचं नाव गेलं, नुसता आवाज राहिला, आणि मग तोही थांबला.

त्या शांततेत तिनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले. झोपले असतील, असं स्वतःला सांगितलं. हात धुतले. कॉफी केली. ती खिडकीपाशी उभी राहून, घोट घोट करून, सबंध प्याली.

मग ती गेली. ते दाराकडे तोंड करून पडले होते, गाल फरशीवर, एक हात दाराच्या फटीपर्यंत आलेला.

मेतोदी दोन वाजता आला. डॉक्टरसमोरच तिनं त्याला सांगितलं, "एका क्षणात गेले रे. मला हाकसुद्धा मारली नाही."

५

मार्चमध्ये नवी फरशी बसली. पांढरी, चकचकीत, काही न पिणारी. सांध्यांमध्ये गान्चोनं कसलासा राळेचा मसाला भरला. "यातून सैतानसुद्धा पाझरणार नाही," असं म्हणत त्यानं पसारा आवरला.

पंधरा दिवस दोन्का जपून श्वास घेत होती. कधी वास यायचा, कधी वाटायचं गेला. पण फरशी वाळेना. म्हणजे सगळी वाळायची, उतारानं पाणी जाळीत जायचं, आणि दाराजवळ एक ओला पट्टा राहायचा. पुसला तर फडकं ओलं व्हायचं, वळून पाहिलं की पट्टा होताच. तिनं गान्चोला फोन केला.

"उतार चुकलाय तुझा."

"पाणसळ लावून बघितलाय बाई, तुमच्यासमोर."

"मग पाणी साठतं कसं?"

"असं करा. आडव्या व्हा आणि नाक जमिनीला लावा. उभ्यानं काही कळत नाही. जिथं सगळ्यात जास्त येतो, तिथं खूण करा. मी येतो मग, सवडीनं." पण त्याच्या आवाजावरून तो येणार नाही हे तिला समजलं.

तिनं आडवं व्हायचं टाळलं. पट्टा पावलांनी मोजायचंही टाळत होती, पण एके दिवशी मोजला गेलाच. लांबी पुऱ्या माणसाएवढी भरली. आणि त्याच्या एका बाजूनं ओलीची एक बारीक फांदी फुटून दाराच्या फटीपर्यंत गेली होती.

मेतोदीला तिनं तो दाखवला. "तुला दिसतोय ना? हा तरी दिसतोय ना?"

"ओलं दिसतंय," तो म्हणाला.

"तेवढंच?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "दोन्का, बाबा एका क्षणात गेले ना?"

"हो, सांगितलं ना."

"मग झालं तर," असं म्हणून तो अंगणात गेला. त्या दिवशी तो नदीवर गेला नाही. नुसता बाकावर बसून राहिला.

६

ईस्टर झाला. रंगवलेल्या लाल अंड्यांची टरफलं अजून टेबलावर होती. मेतोदी सकाळी बाहेर पडला. दोन्कानं फरशी धुतली, पुसली, आणि मग, आता काय व्हायचं ते होऊ दे अशा हट्टानं, दार आतून लोटून घेतलं. गुडघ्यांवर बसली, हात टेकले, आणि हळूहळू त्या ओल्या पट्ट्यावर आडवी झाली. गाल फरशीला लावला.

फरशी कोमट होती.

तिनं श्वास घेतला. धुलाईखान्यातल्यासारखा, सावकाश, तोंड मिटून. आणि तिला कळलं की इथं मुताचा वास नाहीच. फरशीला कसलाच वास नव्हता. इतके महिने ती चुकीच्या जागी घासत होती. मिरच्यांचा वास येत होता, जोरात, धुरासकट. आणि तो दाराखालच्या फटीतून आत येत होता.

तिनं डोळे फटीकडे फिरवले.

बोळ दिसत होता. त्याच्या टोकाला स्वयंपाकघराचं उघडं दार. आणि तिथं, भट्टीपाशी, दोन पाय. घोट्यापर्यंतच दिसत होते. राखाडी लोकरी मोजे, तपकिरी सपाता, डावीच्या अंगठ्यावर हिरव्या लोकरीचं ठिगळ. ते ठिगळ तिनं स्वतः घातलं होतं. तिनं पायाची बोटं हलवली. सपाता तिच्या पायात होत्या.

समोरचे पाय एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होते. बराच वेळ उभं राहिलेल्या बाईसारखे.

दोन्कानं उठायचा प्रयत्न केला. खुब्यातून एक कळ अशी गेली की ती परत खाली बसली नाही, पडलीच. धप्प असा आवाज झाला. तो तिनं दोन्हीकडून ऐकला असं तिला नंतर वाटत राहिलं, पण ते ती खात्रीनं सांगू शकत नव्हती.

"कोण आहे?" ती म्हणाली. मग मोठ्यानं. "अहो! इकडे या!"

पाय थांबले.

"आले, आले!" स्वयंपाकघरातून उत्तर आलं. खेळकर, कामात असलेल्या बाईचा आवाज. त्यात राग नव्हता. दुष्टपणा तर नव्हताच.

सपाता वळल्या. टोकं बोळाकडे झाली, दाराकडे. दोन्कानं हात पुढे केला. बोटं फटीला लागली. सपाता तशाच उभ्या राहिल्या, एक श्वासभर, दोन श्वास.

मग परत भट्टीकडे वळल्या.

७

मेतोदीला ती तिथंच सापडली. दार अडल्यामुळे त्यानं खांद्यानं ढकललं. तिला उठवून खाटेवर आणलं, पाठीखाली उशी दिली. हाड मोडलं नव्हतं.

"हाक का नाही मारलीस? मी फाटकाशीच होतो तासभर, शेजारच्या वांगेलशी बोलत."

"मारली."

"मला नाही ऐकू आली."

"तुला नव्हती मारली," दोन्का म्हणाली. आणि मग तिनं सगळं सांगितलं. पाटीतल्या मिरच्यांपासून सुरुवात केली. त्यांचा वास, हाका, तिची उत्तरं. मेतोदी खाटेच्या कडेला बसून ऐकत होता, मांडीवरचे हात उलथेपालथे करून बघत होता. ती शेवटाला आली तेव्हा त्यानं मान वर केली.

"कॉफीपण प्यालीस?"

"हो."

"सगळी?"

"सगळी."

त्यानं मान हलवली. हिशेब जुळला अशासारखी नाही, तर न कळणाऱ्या भाषेत कुणी पत्ता सांगितल्यासारखी.

"मी अकराला येतो म्हणालो होतो," तो म्हणाला. "गळाला काही लागलंही नव्हतं. नुसता बसलो होतो. घरी यायला नको वाटत होतं." तो उठला. "ते तुलाच हाक मारत होते. मला कशाला मारतील? मी तिथं नव्हतोच."

दोन्का रडायला लागली. त्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला, अनोळखी लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. दुसऱ्या दिवशी तो नेद्याल्काकडे निघून गेला. भांडला नाही, दार आपटलं नाही. "जरा राहून येतो" म्हणाला. गळ नेले नाहीत.

तो गेला त्या दिवसापासून पट्टा वाळला. फरशी शेवटपर्यंत कोरडी होऊ लागली. दोन्का सकाळी आत जायची, वाकायची, हुंगायची. मूत नाही, मिरच्या नाहीत, सोडासुद्धा नाही. सुटका झाली असं म्हणायला हवं होतं, ती मोठ्यानं म्हणालीही एकदा. पण रिकाम्या घरात ते इतकं वाईट वाटलं की तिनं परत म्हटलं नाही.

८

मेच्या शेवटी, अकराच्या सुमाराला, नेद्याल्काचा फोन आला.

"वहिनी, तू ती न्हाणीघराची फरशी कशानं धुवायचीस गं?"

दोन्का खुर्चीचा हात धरून खाली बसली. "का?"

"अगं, तीन आठवडे मी नुसती घासतेय, मुताचा वास जातच नाही. दादाला म्हटलं, तूच केलं असशील, तर हसला. क्लोरीन झालं, व्हिनेगर झालं. आणि आता हे नवीनच. हा माणूस सकाळपासून आत फरशीवर आडवा झालाय आणि उठत नाही."

"पडलाय?"

"पडला नाही, मी बघितलं ना! आपणहून झोपला. म्हटलं उठ, तर म्हणतो थांब. आता ओठ निळे दिसतात. डॉक्टरला फोन केलाय, तो शहरातून निघालाय. तुझं नाव घेऊन हाका मारतोय गं, घसा बसला. मी म्हटलं, अरे ती रूसेत आहे. तर चिडतो. म्हणतो, ती काय, स्वयंपाकघरात उभी आहे. दिसतेय मला. येत का नाही?"

"नेद्याल्का, फोन त्याच्या कानाला लाव."

खरखर झाली. मग श्वास ऐकू आला, फरशीला लागून घेतलेला, ओला.

"मेतोदी," ती म्हणाली, "मी निघतेय. ऐकतोस ना? ही आले, आले."

शब्द तोंडातून गेला आणि तिला तो ऐकू आला. परत घ्यायला तो तिच्यापाशी राहिला नव्हता. पलीकडे श्वास क्षणभर अडला, मग आणखी खाली गेल्यासारखा वाटला.

तिनं शेगडी बघितली नाही, दाराला कुलूप घातलं नाही. खुबा दुखत होता तरी ती स्थानकापर्यंत जवळजवळ धावली. बस साडेअकराला सुटली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सूर्यफुलांची कोवळी रोपं होती. प्रत्येक गावात बस थांबत होती आणि प्रत्येक गावात कुणीतरी चढताना चालकाशी हवापाण्याच्या गप्पा मारत होतं. दोन्का पुढच्या सीटची दांडी धरून उभीच राहिली. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

ती पोचली तेव्हा नेद्याल्का फाटकाबाहेर उभी होती, ओले हात एप्रनला पुसत. डॉक्टरची गाडी येऊन गेली होती, धुळीत चाकांचे वळ होते. नेद्याल्कानं काही सांगायची गरज नव्हती.

"त्रास नाही झाला," तरी ती म्हणाली. "बारा वाजून गेले होते. आधी खूप हाका मारल्या. मी हात धरून बसले होते, पण माझ्याकडे बघेना, दाराखालीच बघत होता. मग शांत झाला. एकदम चेहरा सैल झाला. म्हणाला, वळली."

"काय?"

"वळली म्हणाला. आणि गेला."

दोन्कानं तिचे दोन्ही दंड धरले. "कुणीकडे?"

"काय कुणीकडे?"

"कुणीकडे वळली? त्याच्याकडे वळली, का परत भट्टीकडे? नेद्याल्का, आठव. बोलला तेव्हा आनंदानं म्हणाला का, का नुसतं..."

नेद्याल्का घाबरून तिच्याकडे बघत राहिली. "मला काय माहीत, वहिनी," ती म्हणाली. "एवढंच म्हणाला. वळली."